भाऊजींचा डावा खांदा

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही. आईजवळ नाही, ती गेली तेव्हाही नाही. ताईजवळ तर — नाहीच. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा मी हा विषय वळसा घालून टाळते, जसं काही त्याला ठाऊकच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर — असू द्या. आता तोंड उघडलंय.

पण एकदम नाही जमणार. आधी मी कशी आहे ते ऐका.

मी फुटबॉलवेडी बाई आहे. अमरावतीत माझं जर्सी छापायचं छोटं दुकान आहे — टी-शर्टवर नंबर, नाव, मंडळाचं चिन्ह. गरम प्रेसखालून आकडा निघाला की कापडाला जो वास येतो ना, तो मला अत्तरासारखा वाटतो. दहा नंबर छापताना मी अजूनही चप्पल काढते. हसू नका. आमचे बाबा पोस्टात होते. दर हिवाळ्यात ते आम्हा दोघी बहिणींना मैदानावर न्यायचे, सिमेंटच्या पायऱ्यांवर बसवायचे, द्रोणातला दह्या-चटणीचा गिला वडा हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आता घसा फाटेपर्यंत ओरडा, घरी काही मी ओरडू देनार नाही." आम्ही ओरडायचो. ताई तर माझ्याहून जास्त. ती दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की समोरच्या संघाचा खेळाडू दचकून वळून बघायचा. साऱ्या पायऱ्यांवर शिट्टी मारणारी मुलगी एकच — माझी ताई!

आमचा संघ पिवळा. अकोल्याचा जांभळा. दर वर्षीच्या स्पर्धेत बाकीचे संघ येत, जात, पण शेवटी मैदानावर उरायचे हेच दोघं. पिवळा आणि जांभळा. सामन्याच्या दिवशी बडनेऱ्याकडून जीपा भरभरून अकोल्याची माणसं यायची, ढोल वाजवत, आणि आम्ही पलीकडच्या पायऱ्यांवरून त्यांना असं काही बोलायचो की — जाऊ द्या, ते इथे सांगता येणार नाही.

आणि मग ताईचं लग्न झालं. कुठे? अकोल्यात. कुणाशी? जांभळ्यांच्या गोलकीपरशी!

प्रकाश भाऊजी. उंच, सडपातळ, कमी बोलणारे. अकोल्यात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं — विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की शेतकरी त्यांच्याकडे आणायचे. दुकानात भागीदार गजाननभाऊ, त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. गजाननभाऊ त्याच संघात स्टॉपर. म्हणजे भाऊजी गोलात आणि त्यांच्या बरोबर पुढे गजाननभाऊ. दिवसभर दुकानात पाठीला पाठ लावून तांब्याची तार गुंडाळायची आणि संध्याकाळी मैदानात पुन्हा तसंच, एकामागे एक. या दोघांना चकवून गोल मारणं म्हणजे — आम्हाला विचारा ते काय असतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच फायनलला ताई आली. मी आमच्या पायऱ्यांवर तिची जागा धरून ठेवली होती, रुमाल टाकून. ती आली आणि समोरच्या पायऱ्यांकडे गेली. जांभळी ओढणी घेऊन. आणि सामना सुरू झाल्यावर तिकडून शिट्टी आली. ती शिट्टी! नवऱ्याच्या बाजूने ओरडणारच ना ती — यात चूक काय? काहीच नाही. मला तेव्हाही कळत होतं. तरी मी तो रुमाल उचलला नाही. सामना संपेपर्यंत तसाच पडू दिला.

त्या वर्षी आम्ही हरलो. पुढच्या वर्षी हरलो. त्याच्या पुढच्या वर्षीही.

हरल्यावर माणसं काय करतात? कुणी म्हणतं, खेळ आहे, चालायचंच. असं म्हणणाऱ्याशी मी आठवडाभर बोलत नसे. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायची नाही. भाजीत मीठ घालायची विसरायची आणि कुणी तसं म्हटलं तर त्याच्याच अंगावर जायची. तिसऱ्या पराभवानंतर मी आमचा पिवळा झेंडा धुवायला काढला आणि ब्रशने इतका घासला, इतका घासला, की रंग उतरून तो पांढुरका झाला. आमचे हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "काऊन मारून राहिली बिचाऱ्या झेंड्याले?" मोरीत बसून रडले. चांगली संसारी बाई, फुटबॉलसाठी!

आणि वरून भाऊजींचा फोन. चिडवायचं म्हणून नव्हे, प्रेमानेच — "काय म्हन्ते पिवळी पार्टी? जेवल्या का?" मागून ताईचं हसू. ते हसू ऐकलं की मला वाटायचं, एकदा. फक्त एकदा. काहीही करून.

काहीही करून — हे शब्द मी तेव्हा मनात खरंच म्हटले होते. लक्षात ठेवा.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. भाचीच्या वाढदिवसाला मी अकोल्याला गेले होते. भाऊजी फुगे बांधत होते, आणि मला दिसलं की डावा हात ते खांद्याच्या वर नेतच नाहीत. स्टुलावर चढले, वाकडे झाले, पण उजव्यानेच बांधले. मी स्वयंपाकघरात ताईला विचारलं. ती पुऱ्या लाटत होती. आधी म्हणाली, काही नाही. मग लाटणं थांबलं.

पातूर रोडवर मोटारसायकल घसरली होती, दिवाळीच्या आधी. डावा खांदा निखळला होता. गजाननभाऊंनीच उचलून डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांनी बसवला. पण तो आता सैल झाला होता — दोनदा पुन्हा निघाला, एकदा तर नुसता सदरा घालताना. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा. भाऊजी म्हणाले, फायनल होऊ द्या. हे माझं शेवटचं वर्ष. एवढं खेळतो, मग काय कापायचं ते कापा.

"संघात कोनाले माईत नाही," ताई म्हणाली. "ह्यायले, गजूभाऊले अन् मले. बस. आता तुले. छाये, कोनाले सांगजो नोको. डावीकडे झेप घेतली का खांदा जाते, थे कळलं कोनाले तं संपलं."

मी तिच्या पिठाच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "येडी आहेस का ताई? मी कोनाले सांगीन?"

तेव्हा मी ते खरं म्हणत होते का? बहुतेक हो. पण परतीच्या गाडीत, मूर्तिजापूर येईपर्यंत, मी एकच गोष्ट डोळ्यांसमोर बघत होते. गोलपोस्टची डावी बाजू. रिकामी.

इतकी वर्षं मी मनाशी एक समजूत घालून ठेवली होती — की ते सामन्याच्या भरात तोंडून निसटलं. गर्दी होती, ढोल होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. असं झालं असतं तर किती बरं झालं असतं! पण तसं झालं नाही. फायनलच्या तीन दिवस आधी आमचा कॅप्टन निखिल जर्सी न्यायला दुकानात आला. दुपार होती. दुकानात आम्ही दोघंच. प्रेस तापत होता आणि तो नेहमीसारखा रडगाणं गात होता — काकू, त्यायचा गोलकीपर म्हन्जे भिंत हाय, मॅच टायब्रेकरले गेली का आपन खल्लास. मी त्याच्या जर्सीवर नंबर ठेवला, वर कागद ठेवला, प्रेसचं हॅन्डल खाली ओढलं. आणि शांतपणे, हो, अगदी शांतपणे म्हणाले, "टायब्रेकरला गेली तर सगळ्यांना त्यांच्या डाव्या हाताला मारायला सांग. डावा खांदा गेलाय त्यांचा."

तो काउंटरवर पुढे वाकला. म्हणाला, "पक्कं?"

"माझ्या सख्ख्या बहिणीने सांगितलंय," मी म्हटलं. आणि एवढ्यावर थांबले नाही. त्याचा घोटाळा होऊ नये म्हणून पुढे समजावलं — "त्यांची डावी म्हणजे तुझी उजवी. चुकू नको."

चुकू नको! बघा, किती काळजी घेतली मी. आणि वर त्याच्याकडून वचन घेतलं की माझं नाव कधी निघणार नाही. पोरगा शब्दाचा पक्का. त्याने ते आजवर पाळलं.

फायनलचा दिवस. काय सांगू तुम्हाला! थंडी असूनही पायऱ्या तापल्या होत्या. इकडे पिवळं, तिकडे जांभळं, मधे हिरवं-मातकट मैदान. विसाव्या मिनिटाला त्यांचा गोल. आमच्या बाजूला स्मशान. उत्तरार्धात निखिलने कॉर्नरवरून आलेला बॉल डोक्याने असा घातला की जाळीच्याही आधी मी उसळले — शेजारच्या बाईच्या चपलेवर पडले, तिने मला मिठी मारली, कोण कुठली ते आजही माहीत नाही! एक-एक. मग भाऊजींनी तीन असे गोल वाचवले की मी शिव्या देता देता टाळ्या वाजवल्या. तिन्ही उजवीकडे. आणि डावीकडे जे यायचं ते गजाननभाऊ आधीच काढून टाकायचे. बाकी कुणाला ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं. तो माणूस नव्वद मिनिटं आपल्या दोस्ताचा डावा खांदा झाला होता.

पण टायब्रेकरमध्ये, पाच-पाच पेनल्ट्या मारतात तेव्हा, गोलकीपरच्या पुढे कुणी उभं राहत नाही.

त्यांनी पाचांतले तीन घातले — एक वरून गेला, एक आमच्या पोराने अडवला. आमचा पहिला: डावीकडे, खाली. भाऊजी उजवीकडे गेले. योगायोग वाटावा असा. दुसरा: डावीकडे. भाऊजी जागच्या जागी उभे राहिले, नुसता हात लांब केला. तिसरा — पुन्हा डावीकडे. आणि तेव्हा भाऊजींनी बॉल जाळीतून काढला नाही. ते वळले आणि मैदानाच्या मध्यावर रांगेत उभ्या असलेल्या गजाननभाऊंकडे बघितलं. लांबून. बराच वेळ. रेफरीने शिट्टी वाजवेपर्यंत.

ती नजर मी पाहिली. तिचा अर्थ मला तेव्हाच कळला होता का? कळला होता. मग मी काय केलं? मी ओरडले, "अजून एक! अजून एक!"

चौथ्याला भाऊजींनी डावीकडे झेप घेतली. पूर्ण लांब. बॉल त्यांच्या बोटांना लागून बाहेर गेला — वाचवला! आणि ते खाली पडले ते उठेनात. समोरच्या पायऱ्यांवरून ताई धावत कठड्याशी आली. गजाननभाऊ मैदानाच्या मध्यातून पळत आले, वाकले, हात दिला. भाऊजींनी तो हात झटकला. उजव्या हातावर जोर देऊन स्वतःच उठले. डावा हात नुसता लोंबत होता, कुणा दुसऱ्याचा असावा तसा. बदली गोलकीपर नव्हता. ते तसेच गोलात उभे राहिले.

पाचवा निखिलचा. त्याने जोरात मारलासुद्धा नाही. हळूच, त्यांच्या डाव्या हाताला ढकलला. भाऊजी बघत राहिले. बॉल त्यांच्यापासून हातभर अंतरावरून आत गेला.

आम्ही जिंकलो. चार-तीन.

मी नाचले. घसा बसेपर्यंत, चप्पल तुटेपर्यंत, गुलालाने दात लाल होईपर्यंत नाचले. लोकांनी ढोलवाल्याच्या पुढ्यात मला उभं केलं. पलीकडे रुग्णवाहिकेत ताई चढताना मला दिसली. मी तिकडे गेले नाही. म्हटलं, गर्दी आहे. म्हटलं, उद्या जाईन.

इथपर्यंतचं कदाचित तुम्ही मला माफही कराल. पण मी जे सांगायला बसले ते हे नाही. ते याच्या पुढचं आहे.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं. आवाज खोल गेला होता तिचा. म्हणाली, "हे म्हनून राहिले का गजूनंच सांगतलं. दुसऱ्या कोनाले माईतच नव्हतं. मले तं पटत नाही छाये, पन मंग कोनं सांगतलं? आमी तिघंच तं होतो."

तिघंच. मला ती मोजतच नव्हती. बोलता बोलता तिच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण लगेच म्हणाली, "तुले सांगतलं थे काही धरायचं नाही. तू तं माहीच हाय." आणि मग विचारलं, "तिकडे अमरावतीत काही ऐकू आलं का तुले? कोनाचं नाव?"

गप्प राहता आलं असतं. नाही ऐकलं म्हणता आलं असतं. एवढंसुद्धा पुरलं असतं, तिला पटतच नव्हतं ना! पण मी घाबरले. तिचं बोट फिरत फिरत आपल्यावर येईल म्हणून घाबरले. आणि म्हणाले —

"हो ताई. पोरं गजाननभाऊंचंच नाव घेत होती."

हे. हे सांगायचं होतं मला. ताई म्हणाली, "असं काय." आणि ठेवला.

भाऊजींनी भांडण केलं नाही. ते तसले नाहीत. दुकानात त्यांनी पाठ वळवली ती वळवलीच. गजाननभाऊंनी चार-सहा वेळा विचारलं, शपथा घेतल्या, आपल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला म्हणे. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी आपलं तार गुंडाळायचं मशीन उचललं आणि बाळापूरला वेगळं दुकान टाकलं. अकोल्याच्या संघात मग कुणीच त्यांना सरळ तोंडाने बोलेना. विकला गेलेला माणूस! जो नव्वद मिनिटं दुसऱ्याचा खांदा होऊन खेळला, तो. भाऊजींचा हात आता खांद्यापर्यंत जातो, वर जात नाही. शर्ट घालायला ताई मदत करते.

तीन वर्षांपूर्वी मी अकोल्याला गेले असताना गजाननभाऊ आले. मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. भाऊजी घरात होते, त्यांनी आवाज ओळखला आणि आतल्या खोलीत गेले. ताई देवळात गेली होती. दारात मी. गजाननभाऊ आत आले नाहीत. पत्रिका माझ्या हातात दिली, अक्षता लावलेली. केस पांढरे झाले होते त्यांचे. जायला वळले आणि पुन्हा थांबले.

"ताई," ते मला म्हणाले, "तुमी तं अमरावतीच्या. तुमचं उठनं-बसनं त्याच पोट्ट्यायमंधी. तुमाले माईत असन. कोनं सांगतलं होतं जी? मी काही करत नाही त्याले. मले फक्त नाव पाह्यजे."

चार पावलांवर, दाराच्या आड, भाऊजी ऐकत होते. एक शब्द बोलायचा होता. 'मी.' मराठीत याहून छोटा शब्द आहे का?

मी म्हणाले, "मला नाही माहीत भाऊ."

ते मान हलवत म्हणाले, "बरं." आणि पायऱ्या उतरून गेले. भाऊजी बाहेर आले, म्हणाले, "गेला काय?" मी पत्रिका पुढे केली. त्यांनी ती उजव्या हातात घेतली, उघडली, सगळी वाचली — निमंत्रकांच्या नावांसकट. लग्नाला गेले नाहीत. त्या दिवशी दुकान बंद ठेवून आतच बसून होते, असं ताईने नंतर सांगितलं.

मी अजून कुणाला काही बोललेले नाही. ताई अजून मला भाजणी पाठवते. अकोल्याच्या पुढे कुठे जाताना बाळापूरवरून एसटी जाते तेव्हा मी खिडकीतून दुसरीकडे बघते.

आणि आता शेवटचं. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून मागे ठेवलं. तुम्हाला वाटत असेल की त्या विजयाची मला आता किळस येत असेल. मलाही वाटायचं, यायला पाहिजे. पण नाही येत. दुकानात एकटी असताना, प्रेस तापत असताना, तो पाचवा बॉल कधी कधी डोळ्यांसमोर येतो — संथ, गवतावरून घरंगळत, त्या उघड्या बाजूला. मला सगळं माहीत असतं. तो लोंबणारा हात दिसत असतो. तरी बॉल रेषेपाशी पोचला की माझ्या दोन्ही मुठी वळतात, आणि मी स्टुलावरून अर्धी उठते. दर वेळी.